बंपरच्या आडचा लाँग मेंबर : पुण्यातील एका अपघाती गाडीच्या एस्टिमेटचे प्रकरण

आषाढी एकादशीच्या दिवशी, म्हणजे रविवार, ६ जुलै २०२५ रोजी सायंकाळी, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर वाहनांची रांग लागली होती आणि त्या रांगेत थांबलेल्या एका हॅचबॅक गाडीला मागून आलेल्या पिकअप टेंपोने डाव्या कोपऱ्यावर धडक दिली. कोणाला इजा झाली नाही. गाडी चालू होती, दिवे लागत होते, डिकी थोडी दाबून का होईना पण बंद होत होती, त्यामुळे मालकीणबाई ती स्वतः चालवत घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऱ्हे येथील आमच्या वर्कशॉपमध्ये घेऊन आल्या. त्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहेत. गाडी मार्च २०२२ मध्ये नोंदलेली, रुपेरी मेटॅलिक रंगाची.

त्या सकाळी मी अर्ध्या तासात ३७,५०० रुपयांचे एस्टिमेट त्यांच्या हाती दिले. पाच दिवसांनी तेच काम १,१९,७०० रुपयांवर गेले आणि गाडी २७व्या दिवशी वर्कशॉपबाहेर पडली. या २७ दिवसांत ज्या चुका झाल्या त्या ग्राहकाच्या नव्हत्या, विमा कंपनीच्या नव्हत्या, आमच्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा माझ्या होत्या. म्हणून हे प्रकरण आकड्यांसह मांडत आहे. जेथे वेगळे सांगितलेले नाही तेथे सर्व रकमा कर वगळून आहेत.

पहिले एस्टिमेट

सोमवारी सकाळी गाडी माझ्यासमोर उभी होती तेव्हा दिसत होते ते असे: मागच्या बंपरला डाव्या बाजूला चीर आणि ओरखडे, डावा मागचा दिवा फुटलेला, डिकीच्या खालच्या कडेला तळहाताएवढा पोचा, डाव्या क्वार्टर पॅनेलवर (मागच्या दारामागचा बाजूचा पत्रा) चाकाच्या कमानीमागे हलकीशी लहर, आणि पार्किंग सेन्सरपैकी एक आत गेलेला. बंपर ६,८००, दिवा ४,६००, सेन्सर २,१००, डिकीचे डेंटिंग ५,०००, काढ-घाल २,५००, आणि बंपर, डिकी व क्वार्टर अशा तीन भागांचे पेंटिंग १६,५००. बेरीज ३७,५००.

यातील एकही ओळ खोटी नव्हती, पण यादी अपुरी होती. आजच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे असतात आणि प्लास्टिक धडकेत आत जाऊन पुन्हा जवळपास मूळ आकारात बाहेर येते. त्याच्या मागची लोखंडी बीम मात्र चेपते ती चेपलेलीच राहते. म्हणजे बाहेरून दिसणारा बंपर आतल्या नुकसानीवर पडदा टाकतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. सोमवारी सकाळी चार गाड्या एकदम दारात असतात, ग्राहक घड्याळ पाहत असतो आणि ‘साधारण किती होतील?’ या प्रश्नाला आकडा दिला नाही तर तो पुढच्या गॅरेजकडे जाईल अशी भीती असते. मी डिकी उघडली, पण स्टेपनीवरचा गालिचा उचलला नाही. तो उचलला असता तर हे प्रकरण लिहिण्याची वेळच आली नसती.

दारांच्या फटीही मी मोजल्या नाहीत. नंतर मोजल्या तेव्हा मागच्या डाव्या दाराची क्वार्टर पॅनेलकडची फट वर साडेतीन आणि खाली साडेपाच मिलिमीटर निघाली, तर उजव्या बाजूला ती वरपासून खालपर्यंत साडेचार होती. दोन मिलिमीटरचा हा तिरपेपणा उघड्या डोळ्यांनाही दिसतो, फक्त तेथे पाहावे लागते. मागून बसलेल्या धक्क्याने जर पुढच्या दाराकडची किंवा मागच्या दाराकडची फट बदलली असेल तर तो धक्का बंपरवर थांबलेला नाही, तो सांगाड्यातून पुढे गेला आहे, एवढा साधा अर्थ त्यातून निघतो.

मालकीणबाईंकडे सर्वसमावेशक पॉलिसी होती, परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये नूतनीकरण करताना हप्ता कमी व्हावा म्हणून त्यांनी ‘झिरो डेप’ (भागांचा घसारा न कापता भरपाई देणारी) ही जोड सोडली होती. टेंपोचालकाची चूक स्पष्ट होती, तरीही त्याच्या विम्यातून भरपाई घ्यायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची वाट धरावी लागते, म्हणून त्यांनी स्वतःच्याच पॉलिसीवर दावा करायचे ठरवले. झिरो डेप नसताना घसारा असा लागतो: प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के, काचेवर शून्य, आणि धातूच्या व इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. तीन ते चार वर्षे वयाच्या गाडीला हा दर २५ टक्के आहे. पेंटिंगच्या एकूण बिलापैकी २५ टक्के हा रंगसामानाचा खर्च धरून त्याच्या निम्म्यावर घसारा बसतो, म्हणजे पेंटिंगच्या दर हजारामागे १२५ रुपये ग्राहकाच्या वाट्याला येतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट.

हा हिशेब पहिल्या एस्टिमेटला लावून मी त्यांना सांगितले की तुमच्या खिशातून सुमारे ९,३०० रुपये जातील आणि करासह साडेअकरा हजारांच्या आत काम होईल. त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. ग्राहक एकूण एस्टिमेट विसरतो, पण स्वतःच्या वाट्याचा आकडा विसरत नाही, आणि त्याने तो का विसरावा?

विमा कंपनीने फोटोंवरूनच बुधवारी मंजुरी दिली. पन्नास हजारांच्या वरच्या मोटार दाव्याला परवानाधारक सर्वेक्षक लागतो. आमची रक्कम त्याखाली असल्याने गाडी कोणीही प्रत्यक्ष पाहिली नाही. तेव्हा हे सोयीचे वाटले होते.

गाडी उघडल्यावर

गुरुवार आमच्या सुट्टीचा. शुक्रवारी ११ जुलैला मुलांनी बंपर काढला आणि पाचच मिनिटांत मला बोलावणे आले. बीमचे डावे टोक मुडपून चपटे झाले होते, बॅक पॅनेल, म्हणजे डिकीखालचा मागचा पत्रा, आत गेले होते आणि गालिचा उचलल्यावर स्टेपनीच्या खड्ड्याच्या डाव्या कडेला पत्र्याला तीन घड्या पडलेल्या दिसल्या. खाली शिरून दिवा लावला तेव्हा मूळ गोष्ट समोर आली: डाव्या बाजूचा मागचा लाँग मेंबर, म्हणजे गाडीच्या तळाशी लांबीने जाणारा सांगाड्याचा दांडा, त्याच्या शेवटच्या टोकाजवळ चेपला होता आणि तेथून पुढे, मागच्या ॲक्सलवरून जेथे तो वर उचललेला असतो त्या बाकाजवळ, किंचित खाली झुकला होता.

येथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. जुन्या जीप किंवा ट्रकला वेगळी चेसिस असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. हॅचबॅक गाडीला वेगळी चेसिस नसते, तिची बॉडी हीच चेसिस. धडकेची ताकद लाँग मेंबरमधून ठरलेल्या वाटेने वाहून जावी आणि प्रवाशांच्या जागेपर्यंत पोहोचण्याआधी ठरावीक ठिकाणी पत्रा चेपून ती जिरावी, अशी ती रचना असते. या गाडीने आपले काम चोख केले होते. पण एकदा चेपलेला भाग तसाच ठेवून वर नवा बंपर लावला तर पुढच्या धडकेत तीच वाट तशीच चालेल याची खात्री राहत नाही. मागच्या आसनावर मालकीणबाईंची मुलगी बसते, हे मला त्या दिवशी गाडीत राहिलेल्या शाळेच्या पाण्याच्या बाटलीवरून कळले. पहिल्या एस्टिमेटप्रमाणे काम उरकले असते तर गाडी बाहेरून देखणी दिसली असती आणि ती बाटली मी परत जागेवर ठेवून दिली असती.

ट्रॅम गेज, म्हणजे दोन बिंदूंमधले अंतर मोजणारी पट्टी, लावून मागच्या सस्पेन्शनच्या बिंदूपासून लाँग मेंबरच्या टोकापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजले. डाव्या टोकाचा कर्ण ११ मिलिमीटरने कमी आला. या कामात साधारण ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो.

सुधारित एस्टिमेट असे झाले. प्लास्टिकचे भाग, म्हणजे बंपर, त्याचे ब्रॅकेट आणि दिवा, १२,६००. धातूचे व इतर भाग, म्हणजे बीम ३,९००, डिकी १७,२००, बॅक पॅनेल ५,७००, लाँग मेंबरचा शेवटचा तुकडा ८,४०० आणि सेन्सर २,१००, मिळून ३७,३००. सिलर (पत्र्याचे सांधे बुजवणारे द्रव्य), चिकटद्रव्ये, क्लिप यांचे २,८००. मजुरी ४०,०००, तिच्यात बेंचवरची (गाडी जखडून सांगाडा ओढून सरळ करायची चौकट) ओढाई व मोजमाप १४,०००, कापणे-जोडणे १२,५००, इंधन टाकीसह काढ-घाल ९,००० आणि फ्लोअरची दुरुस्ती ४,५००. पेंटिंग २७,०००. एकूण १,१९,७००. डिकी दुरुस्तीऐवजी बदलण्याचे कारण एवढेच की तिच्या आतल्या चौकटीलाही पीळ बसला होता आणि बाहेरचा पोचा काढून तो पीळ निघाला नसता.

गाडीची विमित किंमत ५,२०,००० होती आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तरच गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते, त्यामुळे तो प्रश्न येथे उद्भवला नाही.

ग्राहकाशी बोलणे

शनिवारी मी फोनवर आकडा सांगण्याऐवजी मालकीणबाईंना वर्कशॉपमध्ये बोलावले. या संपूर्ण प्रकरणात मी घेतलेला हा एक निर्णय मला आजही योग्य वाटतो. त्यांच्या वाट्याची रक्कम आता २२,८०० झाली होती: प्लास्टिकवरचा घसारा ६,३००, धातूवरचा ९,३२५, पेंटिंगवरचा ३,३७५, पॉलिसीत न बसणारे किरकोळ सामान २,८०० आणि सक्तीची वजावट १,०००. घसाऱ्यापोटी ग्राहकाने भरायच्या रकमेवरचा करही त्यालाच भरावा लागतो. त्या वेळी बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी होता (भागांवरचा दर १८ टक्के झाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून), त्यामुळे करासह हा आकडा साडेअठ्ठावीस हजारांवर पोहोचत होता.

त्यांनी वही उघडली आणि सरळ विचारले, “दादा, सोमवारी तुम्हीच साडेअकरा म्हणालात. आठवड्यात अडीचपट कसे होतात?”

मी म्हणालो, “मॅडम, सोमवारी मी फक्त वरून पाहिलं होतं आणि वरून पाहिलंय हे तुम्हाला सांगितलं नाही. ती माझी चूक. आता आतलं दाखवतो, मग तुम्ही ठरवा.”

लिफ्टवर गाडी वर घेतली, हातातला दिवा त्यांच्याकडे दिला आणि उजवा लाँग मेंबर आधी दाखवला, मग डावा. शेजारी चांगला भाग असला की वाकलेला भाग समजावून सांगावा लागत नाही. त्यांनी स्टेपनीच्या खड्ड्यातल्या घडीवरून बोट फिरवले आणि बोटाला लागलेला रंगाचा पापुद्रा बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर त्यांनी विचारलेला प्रश्न पैशांचा नव्हता. “रविवारी मी ही अशीच चालवत आणली?” असे त्या म्हणाल्या. त्यांची संमती मिळाली, पण आमच्यावरचा विश्वास त्या दिवशी पूर्ण परत आला असे मी म्हणणार नाही. त्यांनी प्रत्येक जुना भाग गाडी नेताना पाहायला मागितला, आणि तो त्यांचा हक्कच होता.

सर्वेक्षकाची शंका

रक्कम पन्नास हजारांच्या वर गेल्याने आता परवानाधारक सर्वेक्षक नेमले गेले. ते मंगळवारी १५ तारखेला आले तेव्हा गाडी आधीच उघडलेली होती. त्यांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: ‘हे नुकसान याच अपघाताचे कशावरून?’ उघडण्याआधीचे आमचे फोटो बाहेरचे होते. बंपर काढताना, बीम जागेवर असतानाचे, एकही छायाचित्र कोणी घेतले नव्हते.

त्यातच त्यांनी रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावले. बाकीच्या पॅनेलवर ११० ते १३० मायक्रॉन येत होते, डाव्या क्वार्टर पॅनेलवर ४२० आले. म्हणजे तेथे पुटी भरून पूर्वी काम झालेले होते. मालकीणबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी लपवाछपवी न करता सांगितले की मागच्या वर्षी सोसायटीच्या खांबाला गाडी घासली होती आणि सलग तीन वर्षे दावा न केल्यास मिळणारा ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जाऊ नये म्हणून त्यांनी ते काम रोख पैसे देऊन रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये करून घेतले होते. हे खरे होते, पण सर्वेक्षकांच्या दृष्टीने शंकेला आणखी एक आधार मिळाला. जुने नुकसान नव्या दाव्यात घुसवले जाते, हे ते रोज पाहतात.

शेवटी पत्र्यानेच साक्ष दिली. सर्वेक्षक स्वतः खाली वाकून लाँग मेंबरच्या घडीजवळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडू लागले. घडीच्या शिरेवर रंग तडकून उघडा पडलेला पत्रा चमकत होता आणि त्यावर फक्त हलकी नारिंगी छटा आली होती. पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर आठवड्याभरात येते तेवढीच. वर्षभराचा गंज तपकिरी असतो, खरबरीत असतो, त्याला पापुद्रे सुटतात. सिलरला गेलेल्या भेगेच्या कडा स्वच्छ होत्या, आत धूळ बसलेली नव्हती. उलट क्वार्टर पॅनेलवरच्या जुन्या पुटीच्या काठाला, कमानीच्या आतल्या बाजूस, काळा मळ साचून घट्ट झाला होता. दोन्ही खुणा एकाच गाडीवर, हातभर अंतरावर होत्या, त्यामुळे जुने कोणते आणि नवे कोणते हे वेगळे करता आले. क्वार्टरवर जुन्या कामाच्या मागे पडलेली नवी लहरही त्यांनी मान्य केली. शुक्रवारी १८ तारखेला मंजुरी आली.

म्हणजे उघडतानाचे पाच फोटो घेतले नाहीत म्हणून तीन-चार दिवस गेले, आणि गंज बोलला नसता तर कदाचित दावाही गेला असता.

बेंचवर

मंजुरी मिळताच त्याच दुपारी डिकी, बॅक पॅनेल आणि लाँग मेंबरचा तुकडा यांची मागणी नोंदवली. नाना पेठेत या गाडीचे बंपर, दिवे असे भाग सहज मिळतात, पण सांगाड्याचा भाग कंपनीच्याच वाटेने मागवावा लागतो. त्याला दहा दिवस लागतील असे त्याच संध्याकाळी कळले. ही माहिती माझ्या फोनमध्ये राहिली, कामाच्या फळ्यावर गेली नाही.

आमच्याकडे तीस वर्षे या कामात घालवलेले एक डेंटर आहेत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. शनिवारी गाडी बेंचवर चढली तेव्हा ते म्हणाले, “साहेब, बाकाजवळ जरा गॅसची ज्योत दाखवू द्या, दहा मिनिटांत सरळ येतो.” त्यांचा हात ज्या गाड्यांवर बसला त्यांची चेसिस जाड, मऊ लोखंडाची असे आणि तापवून सरळ करणे ही त्यांच्या काळातली योग्य पद्धत होती. आताच्या लाँग मेंबरला उच्च ताकदीचा पातळ पोलादी पत्रा वापरतात. त्याची ताकद कारखान्यातल्या प्रक्रियेतून आलेली असते आणि ज्योतीने तापवल्यावर ती त्या जागी कायमची कमी होते. मापे जुळतात, भाग सरळ दिसतो, पण पुढच्या धडकेत तो नको तेथे, नको तेवढा वाकतो. मी नकार दिला. मिस्त्री नाराज झाले नाहीत, त्यांनी फक्त “मग वेळ लागेल” एवढेच सांगितले.

आणि पुढचे दीड दिवस त्यांनी जे काम केले ते पाहण्यासारखे होते. बॅटरीची वायर काढलेली, इंधन टाकी उतरवून बाहेर ठेवलेली, गाडी चारही बाजूंनी बेंचला जखडलेली. चेपलेला तुकडा तसाच ठेवून त्यालाच शिकंजा लावला, कारण सरळ करायच्या भागाला धरायला तो चांगला आधार असतो. आधी कापला तर ओढायला काही उरत नाही. साखळीला थोडा ताण द्यायचा, थांबायचे, घडीच्या आजूबाजूला हातोडीने हलके ठोके देऊन पत्र्यातला ताण मोकळा करायचा, साखळी सैल करायची, पत्रा किती परत जातो ते मोजायचे, आणि पुन्हा ओढायचे. पत्रा प्रत्येक वेळी थोडा मागे सरतो, म्हणून हवे त्यापेक्षा किंचित जास्त ओढावे लागते, आणि किती जास्त हे पुस्तकात नसते, हाताला कळते. रविवारी दुपारी कर्णातला फरक ११ मिलिमीटरवरून २ वर आला होता.

येथपर्यंत सर्व ठीक होते. सोमवारी २१ तारखेला मिस्त्रींनी बॅक पॅनेल आणि लाँग मेंबरचे टोक कंपनीने दिलेल्या रेषेवर कापून काढले. नवा तुकडा २८ तारखेला येणार हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कापलेली गाडी बेंचवरून उतरवणे धोक्याचे, कारण जखडलेले बिंदू सुटले की जुळवलेली मापे हलू शकतात. त्यामुळे आमचे एकमेव बेंच आठवडाभर एका अर्धवट गाडीने अडवले. बेंचची वाट पाहणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक सहा दिवस अंगणात उभी राहिली आणि दुसरीच्या मालकाने ती भोसरीकडच्या एका वर्कशॉपमध्ये नेली.

दुसरी उणीव लहान होती, पण तिची किंमत लगेच मोजावी लागली. ओढण्यापूर्वी बेंचवर घेतलेली उंचीची मापे मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे खडूने फरशीवर लिहिली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने पाइप लावून फरशी धुतली. अंतिम तपासणीत सर्वेक्षकांनी ओढण्याआधीचा लेखी तक्ता मागितला, तो नव्हता, म्हणून बेंचच्या १४,००० मधून ३,००० कापले गेले. हे पैसे ग्राहकाकडून मागण्याचा प्रश्नच नव्हता, ते आम्ही सोसले.

उरलेले काम सुरळीत झाले. वाट पाहण्याच्या काळात डिकी आणि बंपर वेगळे रंगवून ठेवले होते. २८ आणि २९ तारखेला जोडकाम झाले, जोडाच्या आत गंजरोधक मेण फवारले, क्वार्टरवरची जुनी पुटी पूर्ण काढून पत्र्यापासून काम केले, आणि रुपेरी रंगाची छटा तुटून दिसू नये म्हणून शेजारच्या दारावर रंग विरवत नेला. पावसाळ्यात कंप्रेसरच्या हवेतले पाणी हा मेटॅलिक रंगाचा शत्रू असतो, त्यामुळे रंगकामाची बंद खोली, म्हणजे बूथ, सुरू करण्यापूर्वी टाकीतले पाणी काढण्याचे काम एका माणसाकडे नेमून दिले होते. रंगातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो, म्हणून पेंटरने बूथमध्ये साधा कापडी रुमाल नव्हे तर योग्य मास्क घातलेला असणे हा आमच्याकडे वाटाघाटीचा विषय नाही. शनिवारी २ ऑगस्टला व्हील अलाइनमेंट करून गाडी सोपवली.

हिशेब

मंजूर बिल १,१६,७०० झाले. त्यातून भागांची खरेदी ४३,९००, किरकोळ सामान २,८०० आणि रंगसामान ९,००० वजा केले तर ६१,००० उरतात. आमच्या वर्कशॉपमध्ये सहा बे, म्हणजे गाडी उभी करून काम करायच्या जागा, आहेत. भाडे, पगार, वीज आणि बूथच्या कर्जाचा हप्ता धरून महिन्याचा स्थिर खर्च ३,६०,००० आहे. महिन्याचे २५ दिवस धरले तर एका बेचा एका दिवसाचा खर्च २,४०० पडतो. चार गुरुवार सोडून ही गाडी २३ कामाचे दिवस राहिली, म्हणजे ५५,२००. हाती उरले ५,८००. हेच काम बारा दिवसांत झाले असते, आणि उघडणे, फोटो व मागणी यांचा क्रम नीट असता तर ते होऊ शकत होते, तर ३२,२०० उरले असते.

भाडे आणि पगार गाडी नसती तरी द्यावेच लागले असते, हा आक्षेप बरोबर आहे. परंतु जुलैमध्ये आमच्याकडे रिकामा बे नसतो. एका गाडीने अडवलेला प्रत्येक दिवस दुसऱ्या गाडीचा असतो, आणि भोसरीला गेलेली गाडी हा त्याचा पुरावा होता. बॉडीशॉपमध्ये आपण मजुरीच्या दरावर ग्राहकाशी घासाघीस करत बसतो आणि उभ्या गाडीचे दिवस कोणी मोजत नाही. मीही मोजत नव्हतो. हा तक्ता मी पहिल्यांदा याच गाडीसाठी केला.

त्यानंतर काय बदलले

पहिल्या कागदावर आता ‘एस्टिमेट’ असे लिहीत नाही. त्यावर ‘वरून दिसणारे नुकसान’ असा मथळा असतो आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते की गाडी उघडल्यावर ही रक्कम वाढू शकते. ग्राहकाच्या वाट्याचा आकडा उघडल्याशिवाय सांगायचा नाही, असे मी स्वतःला बजावले आहे. ज्यांना तो लगेच हवाच असतो त्यांच्यापैकी काही जण निघून जातात. त्यांना जाऊ देणे मला अजून जड जाते, पण मी जाऊ देतो.

मागून धडकलेल्या प्रत्येक गाडीचा गालिचा ग्राहकासमोर उचलला जातो, चारही दारांच्या फटी मोजून लिहिल्या जातात. बंपर काढताना प्रत्येक थर उघडण्याआधी फोटो घेतला जातो आणि नुकसान सांगाड्यात गेल्याची शंका आली की रक्कम कितीही असो, गाडी अधिक न उघडता विमा कंपनीला कळवून सर्वेक्षक मागवले जातात. ओढण्यापूर्वीची मापे छापील तक्त्यावर येतात आणि त्यावर मिस्त्रींची सही असते. सुरुवातीला त्यांना हे लिहिणे कंटाळवाणे वाटत होते. आता ते स्वतःच म्हणतात की खडूपेक्षा बरे, निदान उद्या कोणी धुऊन टाकणार नाही. आणि सांगाड्याचा नवा भाग वर्कशॉपच्या दारात आल्याशिवाय जुना कापायचा नाही, हे फळ्यावर कायमचे लिहून ठेवले आहे. भागाची अपेक्षित तारीखही त्याच फळ्यावर, गाडीच्या क्रमांकासमोर असते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मालकीणबाई ठरल्याप्रमाणे गाडी तपासायला घेऊन आल्या. त्या आधी चार दिवस पाऊस सुरू होता. मागच्या डाव्या दाराची फट वर आणि खाली साडेचार मिलिमीटर होती, ती त्यांच्यासमोर मोजून त्यांच्या वहीत लिहून दिली. मग मिस्त्रींनी स्टेपनी बाहेर काढली, खड्ड्याच्या डाव्या कडेला जेथे घड्या होत्या तेथे कोरड्या कागदाचा तुकडा दाबून धरला आणि उचलून दाखवला. कागद कोरडाच होता.